खटक्यापाशी

नाम दिन्हच्या शिलाई कारखान्यात
माझं काम तसं थोडंच:
पावणेबाराला दिवे घालवायचे,
साडेबाराला लावायचे,
आणि मधल्या वेळात
जागं राहायचं.

अकरा रांगा. रांगेत अठ्ठावीस यंत्रं.
मी डावीकडून एकेक खटका बंद करत जातो,
तसा अंधार कॉलरींवरून बाह्यांकडे,
बाह्यांवरून काजाबटणांकडे सरकतो,
कुणी पांघरूण ओढून घ्यावं तसा.

भात आणि नाळीच्या भाजीचं पातळ कालवण
दहा मिनिटांत उरकून बायका येतात,
यंत्राखालून आपापला पुठ्ठा ओढतात.
मोडक्या खोक्यांचे पुठ्ठे, वर बंदरांची नावं.
कुणी हँबुर्गवर डोकं टेकतं,
कुणाच्या टाचा रॉटरडॅमवर.
थोआच्या पुठ्ठ्यावर नुसताच एक बाण आहे,
ही बाजू वर ठेवा म्हणणारा.
ती त्याला पोटाशी घेऊन डाव्या कुशीवर झोपते.

निलगिरीच्या तेलाचा वास.
चपला जोडीजोडीनं, तोंडं बाहेर.
पाच मिनिटांत तीनशे आठ जणी गप्प.

कसल्या गप्प! न्युंग घोरते.
ल्वीएनची बोटं झोपेतही चालतात,
अंगठा आणि तर्जनी, कापड पुढे सरकवल्यासारखी.
एकदा मी बसून मोजलं:
पाऊण तासात चार कॉलर.
त्यांची मजुरी कुणी दिली नाही.

वरच्या साहेबांनी मागे एक हिशोब मांडला होता.
पंचेचाळीस गुणिले तीनशे आठ.
तेरा हजार आठशे साठ मिनिटं, रोज,
जमिनीवर पडून.
आकडा फळ्यावर लिहून ते जेवायला गेले.
परत आले तर फळा पुसलेला.
मला विचारलं. मी म्हटलं,
अंधार होता.

मला वाटतं, दुपारची झोप ही
दिवसाला घातलेली चूण आहे.
दिवस थोडा आखूड होतो खरा,
पण खांद्यात उसवत नाही.
हे साहेबांना सांगायला हवं होतं.
सुचलं फार उशिरा.

तेतच्या सणाआधीचे पंधरा दिवस.
रात्री नऊपर्यंत शिलाई,
घरी नातवाला ताप,
त्याच्या कपाळावरच्या घड्या बदलत
मी दोन रात्री काढलेल्या.
तिसऱ्या दुपारी स्टुलावर बसलो,
भिंतीला पाठ टेकली,
आणि

दचकून उठलो तेव्हा
बारा सदतीस.

घड्याळ माझ्याच डोक्यावर आहे,
वळून पाहावं लागतं.
पाहिलं, पण आकडे पुसट.
चष्मा नाकावर नव्हता.
फ्यूजच्या पेटीवर होता,
काड्या मिटलेल्या, काचा वर,
झोपलेल्याचा चष्मा ठेवतात तसा.

म्हणजे कुणीतरी जागं झालं होतं.
अनवाणी आलं होतं इथवर, रांगांमधून.
माझ्याकडे पाहायचं तर
घड्याळ दिसल्यावाचून राहत नाही.
खांद्याला हात लावणं अवघड नव्हतं.
चष्मा काढला,
आणि परत जाऊन आडवं झालं.

मी दिवे लावले. हात थरथरत होते.
बायका उठल्या,
गालांवर पुठ्ठ्याच्या नळ्या उमटलेल्या,
केस बांधत, चपला शोधत.
तीनशे आठ जणी,
आणि एकीनंही घड्याळाकडे पाहिलं नाही.

एकीनंही नाही.
रोज तर सगळ्या बघतात.

पुढे कुणी विषय काढला नाही, मीही नाही.
थोआ सणाला गावी गेली ती परत आली नाही.
तिच्या जागी आलेली पोर
बाण उलटा ठेवून झोपते.
ती होती का? की न्युंग?
जी घोरते तिच्यावर संशय घेता येत नाही,
तरी मी घेतो.

नातू बरा आहे.
मी आता डबा खाल्ला की कडक चहा घेतो,
स्टूल भिंतीपासून हातभर पुढे ओढतो,
आणि साडेबाराला, ठरल्या वेळी,
दिवे लावतो.

खरं सांगायचं तर
बारा एकतीसला.