बोट उचलू नको

"बेरळ एत्तब्याड," फकीरप्पा भजंत्री म्हणतात, "जारसू."
मग माझ्यासाठी मराठीत: उचलू नको गं, सरकव.

वडगावात मागावर वाढलेली माझी बोटं.
त्यांना तुटला धागा हुडकून गाठ मारणं येतं,
झटकन.
सरकणं त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

रीड जिभेवर भिजत ठेवते.
सा वाजतो. रे वाजतो.
दोन्ही स्वच्छ, दारं लावून घेतलेल्या दोन घरांसारखे,
मध्ये बोळसुद्धा नाही.
भोकावरून बोट तिरकं ओढते
आणि असा चिरका निघतो
की शेजारचे परशराम उचगावकर माग बंद करून विचारतात,
"मांजर धरलीस काय गं?"

फकीरप्पा आता वाजवून दाखवत नाहीत.
पुढचे चार दात गेले, कवळीवर माउथपीस ठरत नाही,
बँडमध्ये ते झांज धरतात.
शिकवतात ते बोलून,
नाहीतर भाकरीवर लोणी ओढून:
"कुठं संपलं, सांग."
मला सांगता येत नाही.
"मग झालं तर."

सूर खाली उतरवणं जमलं श्रावणात.
ओठ ढिला सोडला की तो कलतो,
कमरेवरच्या घागरीसारखा.
वर चढवणं मात्र
जांभई येण्याआधी गळ्यात जी पोकळी होते
तिथून उचलायचं,
आणि जांभई येऊ द्यायची नाही.

"आज्याची सनई होती आमच्या," ते म्हणतात.
"तिला किल्ल्या नव्हत्या, भांडणच नव्हतं.
ही काळी हट्टी हाय. खरं ऐकतंय,
लाडानं सांगितलं की."

नंदीहळ्ळीच्या वरातीत
नवरीकडचे कन्नडमध्ये म्हणाले, वाजवा,
नवऱ्याकडचे मराठीत म्हणाले, थांबा, घोडा बिथरलाय.
तेवढ्या गोंधळात जनरेटर गेला.
अंधारात मला माझी बोटं दिसेनात.
गंधारावर होते मी,
आणि पंचम आला तेव्हा
मधली वाट मी चालले की ती माझ्याखालून गेली,
अजून सांगता येत नाही.
एवढं ऐकू आलं की
झांजेची एक मात्रा पडलीच नाही.

परतताना टेम्पोत, ढोलाला टेकून,
फकीरप्पा बराच वेळ गप्प.
अनगोळच्या फाटकापाशी म्हणाले,
"शेवटाला घाई केलीस."
मग कवळी काढली,
रुमालात गुंडाळून खिशात ठेवली
आणि नुसत्या ओठांनी
काहीतरी वाजवत बसले,
आवाज न करता.