रविवार, पुंता अरेनास

वारा एकेक दार हलवून बघतोय,
कुणाचं उघडं राहिलंय का.
आत मारित्सा मसुराच्या सूपचे पाच डबे भरते.
वार लिहायचं काम धाकट्या नेल्सोनकडे,
म्हणून दोन डब्यांवर बुधवार आहे.
असू दे.

इलियानाचे बूट दाराशी,
मोजे बुटांत,
बसचं कार्ड मोज्यात.
सोमवारी कुणी कुणावर ओरडायचं नाही, ठरलंय.
ओस्वाल्दोची बोट गुरुवारी येईल,
वाऱ्याला विचारून.

फ्रीजवरच्या कागदावर
शनिवारी पोहण्याचा क्लास होता.
ती तो खोडते.
मग बघत राहते त्या जागेकडे,
खोली रिकामी केल्यावर
दारात उभं राहावं तशी.

दिवा मालवताना आठवतं:
गणवेश मशीनमध्येच, ओले.
हसते.
दुप्पट चिमटे घेऊन
बाहेर पडते, वाऱ्यात.