बत्तीस अंश

गुरुवारी रात्री डबा धुऊन आलो
तर मिरी पिंजऱ्याच्या तळाशी,
पिसं फुलवून, लोकरीचा गुंडा झालेली.
शेपूट प्रत्येक श्वासाला खाली-वर
हातपंपाच्या दांड्यासारखी.
नर नाही, घरटं नाही,
तरी अंडं धरलं होतं पोरीनं.

"अडली," परकारमामू म्हणाला,
गावाकडे म्हशीला म्हणतात तसं.
त्या एका शब्दासरशी
खोलीतले सगळे आपापल्या पलंगावर उठून बसले.
षाजीला आणि लोकेंद्रला मराठी येत नाही,
तरीही.

मुहर्रकमधला पाखरांचा डॉक्टर शनिवारी उघडणार.
फोनवर म्हणाला, ऊब द्या. दमट ऊब. तीस-बत्तीस.
कॅल्शियम चोचीच्या कडेला, थेंबाथेंबानं.
आणि दाबू नका. आत फुटलं तर संपलं.

आता बघा,
बारा वर्षं मी या बेटावर थंडी विकतोय.
भर उन्हात गच्च्यांवर चढून
लोकांच्या दिवाणखान्यांत माघ महिना सोडतोय.
ऊब कशी करायची
ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

एसी बंद केला.
ऑगस्ट. सहा माणसं.
एक खिडकी, तीही रंगानं चिकटलेली.
नरसय्याची पहाटेची पाळी होती.
त्यानं बनियन काढलं, पिळलं,
उशाला घेतलं. बोलला काही नाही.
षाजीनं चहाची किटली पिंजऱ्याशेजारी उकळत ठेवली.
डक्टमध्ये सोडतो ती थर्मामीटरची तार
मी पिंजऱ्यात सोडली.
एकोणतीस. तीस.
आयुष्यात पहिल्यांदा आकडा वर जातोय म्हणून
बरं वाटत होतं.

ताईला आवाज पाठवला.
ती आरोग्य केंद्रात, तिकडे गुहागरला.
"अरे, मला बायका कळतात, फार तर कोंबड्या.
पण तोंडावर उजेड मारू नका.
आणि सगळे मिळून टक लावून बघू नका,
अशानं कुणाचंच होत नाही."
माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी ती होती तिथे.
मी नव्हतो.
टक तरी लावली नाही, एवढंच माझं पुण्य.

मग आम्ही सहाही जण भिंतीकडे तोंड करून पडलो.
किटली बुडबुडत होती.
कुणीतरी कूस बदलली की बाकीचे शुक् करायचे.

दीडला मामूनं ऑलिव्हच्या तेलात बुडवलेली काडी दिली,
अरबाच्या स्वयंपाकघरातलं तेल, चांगल्यातलं.
मी तिला तळहातावर घेतलं.
वजन म्हणाल तर फ्यूजएवढं,
आणि छाती,
जुना कंप्रेसर सुरू होताना धडधडतो ना,
तशी, पण थांबतच नव्हती.
तेल लावलं. दाबलं नाही.
माझी बोटं पाना धरणारी,
ती इतकी हळू चालू शकतात
हे मलाच नवीन.

तीन चाळीस.
एवढासा आवाज, ओला.
कवच असं नव्हतंच,
भिजल्या कागदासारखा पापुद्रा, एका बाजूला पोचलेला.
यातून काही निघणार नव्हतं
हे कुणी कुणाला सांगितलं नाही.
मामूनं ते बाटलीच्या झाकणात ठेवलं, फेकू देईना.
मिरीनं आधी पाणी प्यायलं.
मग माझ्या बोटाला चावली, चांगली कडकडून.

नरसय्या बसमध्ये चढला होता. फोटो पाठवला.
उत्तर आलं:
"मग आता एसी लावा रे."
लावला नाही कुणी.
डॉक्टरनं दिवसभर म्हटलं होतं.

शुक्रवार, पण ऑगस्टात मेकॅनिकला सुट्टी कसली.
दहाला रिफाहून बोलावणं, बंगल्यात गारवा नाही.
मी तार बाहेर काढली.
टोकाला हिरवं पीस चिकटलेलं, नखाएवढं.
"चोवीस आहे, मॅडम."
"अठरा कर."
पीस आधी खिशात ठेवलं.
मग केलं.