फेरीबोट फुकट आहे

पुण्याच्या मॅडम व्हिडिओवर म्हणाल्या,
"तू तर गोव्यात राहतेस, रोज समुद्र बघत जा."
मॅडम, चोडणहून समुद्र दिसत नाही.
दिसते ती मांडवी, कडेची खाजणं,
आणि पलीकडून सावकाश येणारी फेरीबोट,
जिची वाट बघण्यात माझ्या सत्तावीस वर्षांतली
दोन तरी गेली असतील.
एवढं सांगेपर्यंत नेट गेलं.
मॅडमचा चेहरा थिजला, कपाळावर आठी, तोंड अर्धं उघडं.
अख्ख्या सेशनमध्ये पहिल्यांदाच
त्या मला माझ्यासारख्या दिसल्या.

ऑफिस पाटोला. हॉटेल-बुकिंगचं चॅट.
ज्यांचा गोवा रद्द झाला त्यांची मी दिवसभर माफी मागते.
"आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व"
हे वाक्य कॉपी करून ठेवलंय.
परवा चुकून आईला गेलं.
तिनं विचारलं होतं, जेवलीस?
आईनं अंगठा पाठवला.

रात्री झोपेचं ॲप लाटा ऐकवतं.
बाई सांगते, कल्पना करा, तुम्ही गोव्याच्या किनाऱ्यावर आहात.
मी कल्पना करते. पार्किंग मिळत नाही.
सातव्या दिवशी ॲप म्हणालं,
शांतता पुढे चालू ठेवण्यासाठी चारशे नव्व्याण्णव भरा.
अशांतता आपोआप रिन्यू झाली.
ती पोदेराच्या भोंग्यापर्यंत चालते,
मग उठून उंडे घ्यायचे. ताजे मिळतात,
झोपणाऱ्यांना काय कळणार.

आई म्हणाली, दिष्ट लागलीय.
मीठ-मिरच्या ओवाळून न्हाणीच्या चुलीत टाकल्या.
"बघ, ठसका नाही. म्हणजे लागलीच होती."
ठसका तिला आला नाही, कारण तिला सर्दी.
मला आला नाही, कारण मी नाक चोंदेपर्यंत
आत रडून बाहेर आले होते.
बोलले नाही. निदान झालं होतं,
तेही निदान फुकट.

लाविना स्विंडनहून व्हॉइस नोट पाठवते.
गोदामात बारा तास खोकी उचलून दम लागलेला आवाज:
"तुझं बरं गे, तू घरी आहेस."
मी हसून लोळणारा स्टिकर पाठवते.
ती दोन पाठवते.
लोळत आम्ही दोघीही होतो, एवढं खरं.

बुधवारी येताना चोडणला उतरलेच नाही.
बोट रायबंदरला परत गेली, मीही गेले.
मग इकडे. मग तिकडे.
माणसाला तिकीट नाही, आणि
कुठं निघालीस, असं कुणी विचारायला
पाणी एवढं रुंद नाही.

काठाच्या चिखलावर मगर पडली होती.
सकाळपासून तशीच असणार, तोंड उघडं टाकून.
तिला कुणी म्हणत नाही, ऊठ, आंघोळ कर,
जरा चार माणसांत मिसळ.
उलट, होडी ठरवून लोक येतात,
कुजबुजत फोटो काढतात,
हलली नाही तर जास्तच खूश होतात.

पाचव्या खेपेला बोटीवरचा फोंडू माझ्याकडे आला.
मला वाटलं, आता विचारणार, काय झालं गे बाय?
मी उत्तर जुळवायला घेतलं,
लहानपणापासून सुरुवात करावी की थेट मार्चपासून.
तो म्हणाला, "जरा सरक. दोर येतोय."

सरकले.
कित्येक दिवसांत कुणी मला
जमेल असं काही सांगितलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा आईचं जेवण झाकलेलं.
"बोट चुकली?"
"पाच."
तिनं ताट उघडलं. आमटी परत गरम करायला नेली.