कारणाचा रकाना

क्लायपेडा बंदरातली विमा कचेरी,
चारशे बारा संगणक.
सगळ्यांच्या खिडक्यांना कड्या मी लावते
तळघरात बसून,
लोकरीचे दोन-दोन मोजे घालून,
कारण सर्व्हरला थंडी मानवते, मला नाही.

इथे एक खूण केली
की चारशे बारा ठिकाणी स्क्रिप्ट जागच्या जागी थिजतात.
कुणाला कळत नाही.
कळू नये, हेच माझं काम.
कळलं की फोन वाजतो.

जानेवारीत दावे विभागातल्या तौतविदासने
कुठल्याशा कंटेनरचा खोटा फोटो उघडला
आणि तीन दिवस अख्खी कचेरी
पेनाने लिहीत बसली.
तेव्हापासून विल्नियसचा हुकूम : सगळं बंद. सरसकट.
अपवाद हवाच असेल, तर कारण लिहा.

रेमिगियुस नोकरी सोडताना
त्रेसष्ट अपवाद माझ्या पदरात टाकून गेला,
कारणाचा रकाना पांढराफटक.
नॉर्वेला पत्र पाठवलं,
उत्तर आलं, आठवत नाही बुवा.

मग मीच निवडायला बसले, तांदळातले खडे काढावेत तशी.
बँक, राहू दे. जकात, राहू दे.
चपलांचं दुकान? गेलं.
एक्केचाळीसावा : नुसते आकडे, नाव ना गाव,
मुभा एकाच यंत्राला, तिसरा मजला, रोखवही.
पुसला.

सोमवारी नऊ-दहाला जेनोवाइतेचा फोन,
नमस्कार नाही, चमत्कार नाही,
"माझं घरटं काळं झालंय."

वर गेले.
पडद्यावर करडा चौकोन, त्यात मीच लिहिलेलं वाक्य :
संस्थेच्या धोरणानुसार हा मजकूर रोखला आहे.
तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं,
एकदा. मग पुन्हा.

रुस्नेजवळच्या तिच्या गावची शाळा बंद पडली,
आवारातला खांब राहिला,
खांबावर करकोच्यांचं घरटं, त्यावर कॅमेरा.
"नर चोवीस तारखेला आलाय," ती म्हणाली,
"मादी अजून नाही. आज पाचवा दिवस,
आणि तू मध्ये."

स्क्रिप्ट तीन दारांनी येत होत्या.
एक जाहिराती मोजायची,
दुसरीची लक्षणं काही ठीक दिसेनात,
तिसरी फक्त चित्र आणायची, बिचारी.
तेवढीच आत घेतली.

आता कारण.
रिकामं चालत नाही, हा नियम माझाच.
लिहिलं : वादळाच्या दाव्यांसाठी वाऱ्याची पाहणी.
खोडलं.
लिहिलं : घरटं.

पुढचा रकाना, मुदत.
कधीपर्यंत, मी विचारलं.
"पिल्लं उडेपर्यंत."
त्या रकान्याला फक्त तारीख समजते.
बोटांवर मोजून तिने चौदा ऑगस्ट सांगितली.

नवं धोरण तिसऱ्या मजल्यावर पोचायला
पंधरा मिनिटं लागतात.
तोवर तिने कॉफी केली,
आणि माझ्या मोज्यांकडे पाहून म्हणाली,
टाच उसवलीय, काढ, दे इकडे.