ओली राख

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज यायची दिवसाला दोन तास,
तीही कधी पहाटे तीनला,
आणि आम्ही चौघं शिकत होतो दिग्दर्शन.

थिएटरच्या तिसऱ्या मजल्यावर एक लोखंडी शेगडी.
तिच्यात जळायची जुनी नाटकं :
सोमवारी अर्धं सिंहासन,
मंगळवारी कुठल्याशा जहाजाचा कठडा.
रंगवलेलं लाकूड हिरवट जळतं
आणि घशात बसतं, हे तेव्हा कळलं.

म्झेविनारबाई ओव्हरकोटातच शिकवायच्या.
पहिल्या दिवशी म्हणाल्या, गॅलरीत जा,
खांबामागच्या खुर्चीत बसा, जिथून काहीच दिसत नाही.
तिथल्या माणसानंही तिकीट काढलेलं असतं.
आम्ही तीन तास बसलो. ओतिया झोपला.

मग प्रत्येकाला एकेक माणूस दिला, नट नव्हे.
त्सिसानाला कपडेपटातली मावशी,
ओतियाला तिकीटखिडकीवरचा बहिरा हिशेबनीस,
मला बोंदो, शेगडीवाला.
"याला दारातून आत आण. एवढंच.
बारा आठवडे आहेत."

मी त्याला चाळीस तऱ्हांनी सांगितलं.
उंबऱ्यावर थांबा. थांबू नका. मनात तीन मोजा.
गेलेली बायको आठवा, म्हटलं.
"आहे की ती," बोंदो म्हणाला, "सकाळीच भांडली."
बरं, खोलीत काहीतरी हरवलंय असं समजा.
तो बिचारा खरंच जमिनीवर शोधू लागला.
माझ्या वहीत बाणच बाण झाले
आणि बोंदो दिवसेंदिवस
दार उघडणाऱ्या माणसासारखा दिसेनासा झाला.

नवव्या आठवड्यात, तालीम नव्हती तेव्हा,
आम्ही कुडकुडत मक्याची भाकरी वाटून घेत होतो
आणि तो आला.
काखेत नेपथ्यातली एक खिडकी, निळी, एका झडपेची.
खांद्यानं दार ढकललं, आणि उंबऱ्यावर
त्याचा अंगठा चौकटीच्या सांध्यावरून फिरला.
एकदा. मग उलटा.
थांबला की नाही, हेही सांगता येणार नाही.
मग गुडघ्यावर घेऊन मोडली, शेगडीत सारली.
भाकरी कुणीच चावत नव्हतं.

"ती त्यानंच केलेली," बाई हळू म्हणाल्या.
"बावीस वर्षं सुतार होता इथला.
नऊ आठवड्यांत तू विचारलं नाहीस."
आणि मग : "पाहिलंस ना? उद्या हेच, परत."

उद्या.
सांगितलं असतं तर त्यानं अंगठा फिरवला असता,
सांगितल्यासारखा.

म्हणून सगळ्यांच्या आधी पोचले.
शेगडीत बादली रिकामी केली.
सरपणाच्या ढिगावर, अगदी वर, ठेवली
त्या खिडकीची दुसरी झडप.
आणि बाकावर जाऊन बसले, हात मांडीखाली,
तिसरी घंटा झाल्यासारखी.

तो आला. खोली गार पडली म्हणूनच आला.
दार, उंबरा, काखेत झडप, अंगठा,
सगळं तसंच, अगदी तसंच.
ओतियाचे तर डोळे भरले.
मग बोंदो शेगडीपुढे वाकला,
राखेत दोन बोटं घातली,
बोटांकडे पाहिलं,
चौघांतून माझ्याकडे पाहिलं.
"पाणी असं ओतू नये, मुली.
नळालाही दोनच तास असतं.
वर बादली मी चढवतो."

कुणीतरी टाळी वाजवणार होतं, राहून गेली.
म्झेविनारबाईंनी हातमोजे काढले, त्या हिवाळ्यात प्रथमच.
"झालं दिग्दर्शन," म्हणाल्या.
कौतुक होतं का, अजून कळलेलं नाही.
"आता राख तू काढ."

ओली राख जड असते.
पत्र्याच्या डब्यातून चार फेऱ्या,
तीन जिने, खाली रिओनीच्या काठापर्यंत.
वर बोंदो जुनी पोस्टरं पेटवत होता.
झडप त्यानं भिंतीला टेकवून ठेवली होती, नीट,
त्या दिवशी जाळली नाही.

चौथ्या फेरीनंतर मी दारातून आत आले,
रिकामा डबा, काळी बोटं,
तेव्हा बाई माझ्याकडेच बघत होत्या,
हातात पेन्सिल.