पाट्या

बेट म्हणायचं म्हणून बेट.
धरण झालं तेव्हा पाणी चहूकडून चढत आलं
आणि एक टेकडी तेवढी बाहेर राहिली,
उमरेडच्या रस्त्याला, नागपूरहून तासाभरावर.
कुणा साहेबाने तिच्या उतारावर
बासष्ट झाडं नेमली, बासष्ट पत्रे ठोकले,
आणि मग त्याची बदली झाली.

मी इतवारीतली. दुकानांच्या पाट्या, ट्रकांचे नंबर,
'येथे थुंकू नये',
निवडणूक लागली की चार-चार रात्री भिंती.
आता सगळं फ्लेक्सवर निघतं,
म्हणून हे काम हातचं सोडलं नाही.
कॉलेजने दिलेली यादी, तीन ब्रश,
टर्पेंटाइनची बाटली, डब्यात झुणका-भाकर.

होडीला मासळीचा वास.
वल्हं मारणारा लिंगूजी मडावी, तोच बागेचा माळी,
तोच चौकीदार, आणि पगार एकच.
"वाचते कोण जी तिथं पाट्या?"
"तुम्हीच सांगा."
"वानरं," तो म्हणाला. हसला नाही.

मार्चचं ऊन. पायाखाली काळा मुरूम सरकतो,
प्रत्येक झाडाशी जायला टेकडी पुन्हा चढावी लागते.
बेहडा, धावडा, मोवई, सालई.
यादीतली नावं मी अक्षर लावून लावून वाचते
जशी पोरगी पहिल्यांदा शाळेची पाटी वाचते.
तेंदूच्या पत्र्यावर 'डायोस्पायरॉस' बसलं,
'मेलॅनोझायलॉन'मधलं 'लॉन' खाली उतरवावं लागलं.
लिंगूजी मागे उभा राहून म्हणाला,
"एवढ्या नावात तं आमचा अख्खा टोला बसते."

टोला कुठे, मी विचारलं.
त्याने वल्ह्याने पाण्याकडे दाखवलं,
जिथे एक पाणकोंबडी बुडी मारून
बराच वेळ वर आली नाही.

मोहाखाली आम्ही जेवलो.
फुलं टपकत होती, माझ्या रंगाच्या वाटीत दोन पडली.
"याले आम्ही इरुक म्हणतो."
मी ऐकलं तसं, उरलेल्या पांढऱ्यात,
लॅटिनच्या खाली बारीक लिहून टाकलं.
यादीत नव्हतं. कुणी विचारलं असतं
तर म्हटलं असतं, ब्रश पुसत होते.

एकोणचाळीस नंबरची पाटी होती, झाड नव्हतं.
वादळात गेलं, तो म्हणाला.
तरी मी रंगवली. यादीत होती ना.
आणि त्रेपन्नाव्याशी येऊन थांबले.

ऐन. साल मगरीच्या पाठीसारखी.
पत्रा दिसेना.
मी बोटांनी चाचपडत गेले
तर दोन फुगलेल्या ओठांमध्ये
गंजलेली एक कड, नखाएवढी,
आणि तिच्यावर कुठल्याशा अक्षराचा काना.
तीस वर्षांत त्याने
आपलं नाव हळूहळू गिळून टाकलं होतं.

यादीत शेरा होता: जुना पत्रा काढून नवा ठोकावा.
माझ्याकडे पटाशी होती, हातोडी होती.
लिंगूजी काही बोलला नाही.
बिडी पेटवायला म्हणून जरा दूर गेला,
पेटवली मात्र नाही,
वाऱ्याला काडी धरून नुसता उभा.

मी पटाशी त्या ओठांना लावली.
आत काय असेल? टर्मिनेलिया, एवढंच.
माझ्याच बापाच्या वयाच्या कुणा पेंटरचा हात,
वळणदार 'ट', त्या काळी शिकवत तसा.
तो आता लाकडाच्या आत,
उन्हापावसापासून माझ्या सगळ्या अक्षरांपेक्षा सुरक्षित.

पटाशी पिशवीत परत ठेवली.

परतताना पाणी तांबूस झालं होतं.
"उद्या कोणी तपासाले आलं तं?" त्याने विचारलं.
"ज्याला दिसेल त्याने वाचावं."
"हाओ," तो म्हणाला, आणि आता हसला.

बिल मात्र मी बासष्टचंच लावलं.
त्रेपन्नाव्यासमोर लिहिलं: मजुरी, वाचण्याची.
कॉलेजच्या कारकुनाने चष्मा वर करून पाहिलं,
काय वाटलं कोण जाणे,
सही करून टाकली.